रात्री दोन वाजता तिथे जागं कोण असतं?

प्रश्न : माझी आत्या ८१ वर्षांची आहे. लग्न केलं नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, पेन्शन आहे, सांगलीत स्वतःच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते. गेल्या वर्षी खुब्याचं हाड मोडलं, मिरजेला ऑपरेशन झालं, आता वॉकर घेऊन फिरते. मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. बोलण्या-वागण्यात व्यवस्थित आहे, पण अलीकडे दोनदा गॅस चालू राहिला. मी पुण्यात नोकरी करते, घर दोन खोल्यांचं, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. सिंहगड रोडच्या बाजूला एका बंगल्यात बारा ज्येष्ठांसाठी घर आहे, एक निवृत्त सिस्टर ते चालवतात. महिना २८ हजार, डिपॉझिट एक लाख. मी एकदा बघून आले. स्वच्छ वाटलं, सिस्टरही प्रेमाने बोलल्या. कॅनडातला चुलतभाऊ निम्मा खर्च उचलणार आहे. त्याने व्हिडिओ कॉलवर घर पाहिलं आणि ‘पैसे भरून टाक’ म्हणाला. नातेवाईक ‘वृद्धाश्रमात टाकलीस’ म्हणतात ते वेगळंच. अशा ठिकाणी नेमकं बघायचं काय असतं? – एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, तुम्ही ते घर पाहिलंत तेव्हा सिस्टर तिथे होत्या. आता त्या नसताना जाऊन या. मला सांगायची मुख्य गोष्ट हीच आहे.

मोठ्या संस्थेत एक नर्स रजेवर गेली तर तिच्या जागी दुसरी येते. बारा खाटांच्या घरात सगळा कारभार एकाच बाईच्या अंगावर असतो. कोणाला दूध पचत नाही, कोण गोळी गालात धरून ठेवतं आणि नंतर थुंकतं, कोणाचा मुलगा रविवारी फोन करतो, हे सगळं त्यांच्या डोक्यात असतं. छोट्या घराचं मोठेपण यातच आहे. आत्यांना तिथे दुसऱ्या दिवसापासून सगळे नावाने ओळखतील, त्यांना चहा कसा लागतो हेही आठवड्यात कळेल. पण त्याच सिस्टर पंधरा दिवस आजारी पडल्या किंवा मुलीच्या बाळंतपणाला गेल्या की घर उघडं पडतं. सिस्टर चांगल्या आहेत हे तुम्हाला एका भेटीत जाणवलं, आणि तुमचा अंदाज बरोबरही असेल. आता त्या नसताना काय होतं याची चौकशी करा.

सुरुवात रात्रीपासून करा. ‘रात्री किती माणसं असतात?’ असं विचारलंत तर ‘दोन मावशी असतात’ असं उत्तर येईल. तिथे थांबू नका. त्या मावशी बारा तासांच्या आहेत की चोवीस तासांच्या, हे विचारा. सासूबाईंसाठी तुम्ही ब्युरोकडे, म्हणजे घरी मावशी पुरवणाऱ्या एजन्सीकडे, चौकशी केली असेल तर हा फरक तुम्हाला ठाऊक असेल. चोवीस तासांची मावशी सकाळी सहापासून आंघोळी घालते, डायपर बदलते, भरवते. रात्री ती झोपणारच, आणि झोपलीच पाहिजे, तीही माणूस आहे. म्हणजे कागदावर दोन माणसं असली तरी जागं कोणीच नाही. रात्रपाळीला वेगळं, दिवसा झोप झालेलं एक तरी माणूस हवं. मावशी झोपतात कुठे तेही बघून घ्या. त्यांना नीट खोली, पंखा, कपडे ठेवायला जागा असेल तर त्या टिकतात. स्वयंपाकघराच्या फरशीवर गोधडी टाकून झोपत असतील तर वर्षभरात सगळे चेहरे बदललेले दिसतील.

मग सिस्टरना सरळ विचारा, ‘आत्या रात्री दोन वाजता बाथरूममध्ये पडल्या तर पहिल्या दहा मिनिटांत काय होईल?’ आणि सिस्टर जवळ नसताना हाच प्रश्न रात्रीच्या मावशीला विचारा. ‘लगेच उचलून बेडवर ठेवते’ असं ती म्हणाली तर तिला कोणी शिकवलेलं नाही, हे समजा. आत्यांच्या खुब्याचं आधीच ऑपरेशन झालंय. पडल्यावर ओढून उचललं तर मोडलेलं हाड आणखी सरकू शकतं. हलवू नका, डोक्याला लागलंय का बघा, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसतोय का बघा, अंगावर पांघरूण घाला, फोन करा, हे तिला पाठ असायला हवं. फोन कोणाला करायचा तेही. १०८ ला केला तर ॲम्ब्युलन्स येईल. पण सोबत कोण जाणार? रात्री एकच मावशी असेल आणि तीच आत्यांबरोबर दवाखान्यात गेली तर उरलेल्या अकरा जणांजवळ कोण? याचं तयार उत्तर असेल, ‘माझे मिस्टर शेजारच्या इमारतीत राहतात, ते दहा मिनिटांत येतात’, तर ते घर विचार करून चालवलेलं आहे. ‘तशी वेळ कधी आली नाही’ हे उत्तर मला चालत नाही. बारा ज्येष्ठ राहतात तिथे तशी वेळ येतेच.

रात्री बंगल्याचं गेट आणि ग्रिलचा दरवाजा कुलूपबंद असतो, कारण विसरभोळी माणसं बाहेर पडतात. ते समजण्यासारखं आहे. किल्ली मात्र रात्रीच्या माणसाच्या कमरेला किंवा ठरलेल्या खिळ्यावर हवी. आग लागली किंवा शॉर्टसर्किट झालं तर किल्ली शोधायला वेळ नसतो.

सणांचंही विचारा. या कामातल्या बऱ्याच बाया विदर्भ-मराठवाड्यातून किंवा कोकणातून आलेल्या असतात. गौरी-गणपती, दिवाळी, गावची जत्रा आली की त्या जाणार. ‘गेल्या दिवाळीत कोण कोण होतं?’ असा नेमका प्रश्न विचारा. उत्तरात नावं आली तर बरं, नुसतं ‘होतं की माणूस’ आलं तर पुन्हा विचारा. सगळ्यांत जुन्या मावशी कोण, त्यांना इथे किती वर्षं झाली, हेही विचारा आणि त्यांच्याशी पाच मिनिटं एकट्याने बोला. कामाला किती वर्षं झाली, पगार वेळेवर होतो का, सुटी मिळते का. पगार रखडत असेल तर मावशी तोंडाने सांगणार नाही, पण चेहरा लपत नाही.

यानंतरची भेट जेवणाच्या वेळी द्या, आणि कळवून जाऊ नका. एका घरात मी पाहिलेलं सांगते. एका आजोबांना पक्षाघात झालेला होता, त्यांना वरण-भात भरवायचा होता. मावशीने आधी बेडचं डोकं वर केलं, पाठीला उशी लावली, स्वतः स्टूल घेऊन त्यांच्या चेहऱ्यासमोर बसली. अर्धा चमचा तोंडात दिला, घशाकडे बघत राहिली, गिळल्याचं दिसल्यावर पुढचा घास. मधेच त्यांनी मान फिरवली तर ती थांबली, त्यांच्या गावाकडच्या उसाचं काहीतरी विचारलं, आणि पुन्हा चमचा पुढे केला. पूर्ण वाटी संपायला पाऊण तास लागला. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका ठिकाणी, जिथे पडदे नवे होते आणि स्वागताला फुलदाणी होती, एक मुलगी उभ्या उभ्या, आडव्या झोपलेल्या आजींच्या तोंडात चहात भिजवलेलं बिस्कीट सोडत होती. आजींना ठसका लागला, तिने तोंड पुसलं आणि पुढच्या खाटेकडे गेली. असं अन्न श्वासनलिकेत जातं, छातीत जंतुसंसर्ग होतो, आणि महिन्याभराने घरच्यांना ‘न्यूमोनिया झाला’ एवढंच कळतं. आत्या आज स्वतःच्या हाताने जेवतात. पण भरवण्याची वेळ उद्या येऊ शकते, आणि जे घर भरवायला वेळ देतं ते बाकीच्या गोष्टींनाही देतं.

आत्यांच्या बाबतीत जेवणाच्या वेळा मला जास्त महत्त्वाच्या वाटतात. छोट्या घरात स्वयंपाकाच्या बाई संध्याकाळी लवकर निघतात, म्हणून साडेसहाला जेवण उरकतं. नाश्ता सकाळी साडेआठला. म्हणजे चौदा तास पोट रिकामं. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी चालू असलेल्या ८१ वर्षांच्या बाईला एवढा खंड धोक्याचा आहे. पहाटे साखर घसरली तर घाम येतो, गोंधळल्यासारखं होतं, उठायला गेलं की तोल जातो. मग सगळे म्हणतात, ‘म्हातारपणी पडल्या.’ झोपण्याआधी काही खायला मिळतं का, ते लिहून ठेवलेलं असतं की आठवलं तर दिलं जातं, ग्लुकोमीटर घरात आहे का आणि रात्रीच्या मावशीला वापरता येतो का, हे विचारा. आणि जायच्या आधी आत्यांच्या डॉक्टरांना या वेळा सांगून गोळी बदलायची का, हेही विचारून घ्या.

पाण्याकडेही लक्ष द्या. डायपर वारंवार बदलावा लागू नये म्हणून काही ठिकाणी दुपारनंतर पाणी द्यायला हात आखडता घेतात. त्यातून लघवीचा संसर्ग होतो, आणि या वयात त्याचं पहिलं लक्षण ताप नसून अचानक असंबद्ध बोलणं असू शकतं. खाटेजवळ, हात पोहोचेल अशा जागी पाण्याचं भांडं आहे का बघा. खोलीच्या दुसऱ्या टोकाला टेबलावर ठेवलेला तांब्या काही कामाचा नाही.

दुपारी चार-साडेचारला गेलात आणि सगळेच्या सगळे गाढ झोपलेले दिसले तर कारण विचारा. स्मृतिभ्रंशाचे रुग्ण संध्याकाळी बेचैन होतात, ओरडतात, त्यांना सांभाळणं कष्टाचं असतं, आणि मग गोळीचा आधार घेतला जातो. मनोविकारांवरच्या काही औषधांनी स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या जिवाला धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ सालीच दिलेला आहे. डॉक्टरांनी गरज बघून दिलेलं औषध ही वेगळी गोष्ट. पण झोपेची किंवा शांत करणारी कुठलीही गोळी तुम्हाला कळवल्याशिवाय सुरू करायची नाही, हे लेखी घ्या. हात-पाय बांधण्याबद्दलही स्पष्ट विचारा. विचारायला संकोच वाटतो, तरी विचारा.

बाथरूम तुम्ही कोरडं पाहिलं असणार. ते सकाळच्या आंघोळींच्या वेळी, ओलं असताना बघा. भिंतीवरच्या आधाराच्या दांड्याला स्वतः लटकून बघा, तो हलता कामा नये. उंबरा आहे का, वॉकरसकट दारातून आत जाता येतं का, आतली कडी बाहेरून उघडता येते का. खाटेजवळ बेल असेल तर दाबा आणि कोण किती वेळाने येतं ते बघा. वास येतो का याची सगळे काळजी करतात. सकाळी डायपर बदलताना थोडा वास येणारच, त्याने घर वाईट ठरत नाही. दुपारी तीनलाही तोच वास असेल तर मात्र प्रश्न आहे.

अंथरुणाला खिळलेलं कोणी तिथे असेल तर ‘कुशीवर किती वेळाने वळवता, आणि त्याची नोंद दाखवाल का?’ असं विचारा. साधारण दर दोन तासांनी वळवावं लागतं, नाहीतर माकडहाडापाशी, टाचांना जखमा होतात. जखम एखाद्याला हॉस्पिटलमधूनच घेऊन आलेली असू शकते, त्यामुळे एक जखम दिसली म्हणून घर बाद करू नका. ‘इथे आल्यानंतर कोणाला झाली?’ हा प्रश्न खरा. तसंच दर महिन्याला वजन घेतात का बघा. महिन्यात पाच टक्के, म्हणजे पन्नास किलोच्या बाईचं अडीच किलो वजन आपोआप उतरलं, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. वजनाची वही नीट भरणारं घर सहसा बाकीचंही नीट बघतं.

आता कागदपत्रं. भिंतीवर एखादं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं असेल, ते कसलं आहे ते वाचा. बऱ्याचदा ते शॉप ॲक्टचं, म्हणजे दुकानं-आस्थापनांच्या कायद्याखालचं असतं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याप्रमाणे मोजके कामगार असलेल्या छोट्या आस्थापनेला नोंदणीही लागत नाही, ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते. म्हणजे ती पावती असली तरी कोणी येऊन खाटा, बाथरूम, माणसं तपासून गेलंय असं होत नाही. ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडची नोंद असते. नळीने जेवणारे, कॅथेटर (लघवीची नळी) लावलेले, सलाईनवरचे रुग्ण ठेवत असतील तर १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली परवानगी आहे का, हे विचारा. कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी झालीय का, तेही.

२८ हजारांत काय काय येतं, हे त्यांच्याकडून एका कागदावर लिहून घ्या. डायपर, औषधं, फिजिओथेरपी, डॉक्टरांची भेट, जीएसटी, हे बहुतेक वेगळं असतं. एक डायपर ३५ ते ४० रुपयांना धरला तरी दिवसाला चार म्हणजे महिन्याला साडेचार हजारांच्या आसपास होतात. आत्या पुढे अंथरुणाला खिळल्या तर दर किती होईल? तेव्हाही ठेवून घेतील की ‘आता तुमची सोय बघा’ म्हणतील? हा प्रश्न आज विचारायचा असतो. डिपॉझिट किती दिवसांत परत, आत्या पंधरा दिवस हॉस्पिटलमध्ये राहिल्या तर त्या दिवसांचं भाडं लागेल का, निघायचं तर किती दिवस आधी सांगायचं, आणि रात्री कोणाचा मृत्यू झाला तर डॉक्टरांचा दाखला कोण आणि कसा मिळवतं. शेवटचा प्रश्न जिभेवर येत नाही, पण पहाटे तीनला दाखल्यासाठी डॉक्टर शोधत फिरण्यापेक्षा आज विचारलेला बरा.

पेन्शनचं पासबुक, एटीएम कार्ड, आधारची मूळ प्रत त्या घराकडे जमा करू नका. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायचा असतो, तो तुम्ही लक्षात ठेवा. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. आत्यांचं कार्ड काढून ठेवा आणि त्या घराच्या जवळचं कोणतं हॉस्पिटल त्या यादीत आहे ते आधीच बघा.

तुमच्या चुलतभावालाही काम द्या. व्हिडिओ कॉलवर फोन धरणारा जे दाखवेल तेवढंच दिसतं, म्हणून पारख करणं त्याच्याकडे नको. करारनामा वाचणं आणि फोनवर चौकशी करणं तो कॅनडातून उत्तम करू शकतो. आत्ता ज्यांचे आई-वडील तिथे आहेत अशा दोन कुटुंबांशी त्याने बोलावं. त्याहून उपयोगी म्हणजे ज्यांचं माणूस तिथून निघून गेलं किंवा तिथेच वारलं, अशा एका तरी कुटुंबाशी बोलावं. त्यांना आता कोणाची भीड नसते. असा एकही नंबर द्यायला सिस्टर तयार नसतील तर मी तिथे पैसे भरणार नाही.

नातेवाईकांच्या बोलण्याने तुम्ही दुखावल्या आहात, हे पत्रात दिसतं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात, ज्यांना मूलबाळ नाही अशा ज्येष्ठांची जबाबदारी त्यांची मालमत्ता ज्यांना मिळणार त्या वारसांवर टाकलेली आहे, आणि तीही वाटणीच्या प्रमाणात. म्हणजे बोलणाऱ्यांपैकी जे वारस आहेत त्यांचीही जबाबदारी आहेच. त्यांना महिन्यातला एक रविवार नेमून द्या, आत्यांना भेटायला. जे येतील त्यांचं मत ऐका. बाकीच्यांचं ऐकायला तुम्हाला वेळ नाही. सासूबाई अंथरुणाला असताना आत्यांसाठी एवढी धडपड करणारी बाई कोणाला कुठे ‘टाकत’ नाही.

तुमच्या पत्रात एक माणूस मात्र मला सापडलं नाही, आणि ते म्हणजे आत्या स्वतः. त्यांना काय वाटतं? आयुष्यभर वर्ग सांभाळलेली, स्वतःच्या पेन्शनवर जगणारी बाई आहे, डोकं शाबूत आहे. घर त्यांनी बघायला हवं, प्रश्न त्यांनीही विचारायला हवेत. तिथल्या अकरा जणांपैकी किती जण बोलू शकतात, पेपर वाचतात, पत्ते खेळतात, हे त्या तुमच्यापेक्षा लवकर ओळखतील. अकराही जण अंथरुणाला किंवा स्मृतिभ्रंशाचे असतील तर सेवा कितीही चांगली असो, आत्यांना दिवसभर बोलायला कोणी नसेल आणि सहा महिन्यांत त्या मिटतील. अशा वेळी थोडं मोठं, चालत्याबोलत्या माणसांचं घर शोधा, जरा लांब असलं तरी. खोलीत सोबत कोण असणार, तिला रात्री दिवा लागतो का, टीव्ही किती मोठ्याने लागतो, हेही आत्यांनीच ठरवावं.

या सगळ्यातून घर उतरलं तर आधी महिनाभराचा तात्पुरता मुक्काम मागा. बरीच घरं देतात. त्या महिन्यात तुम्ही दर वेळी वेगळ्या वेळेला जा, एकदा रात्री नऊनंतर, एकदा रविवारी सकाळी. आत्यांना त्यांचा स्वतःचा फोन जवळ ठेवू द्या, त्यात ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा १४५६७ हा नंबर घालून ठेवा. एक लाखाचं डिपॉझिट महिना संपल्यावर, आत्या ‘हो’ म्हणाल्यावरच. सांगलीचा फ्लॅट इतक्यात विकू नका, भाड्यानेही देऊ नका. त्याचं काय करायचं ते वर्षभराने ठरवा, आणि ते आत्याच ठरवतील.